स्वरयंत्राशिवाय मराठी

कार, खार, गार, घार. हे चार शब्द एकदा मोठ्यानं म्हणून बघा. चारही रोजचे आणि चारही वेगळे. पहिलीतल्या मुलाचाही यात घोळ होत नाही. आता समजा, तुम्ही चारही नीट म्हणताय आणि समोरच्याला चारही वेळा फक्त 'गार' ऐकू येतंय. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं आणि जे नंतर गळ्याला यंत्र लावून बोलतात, त्यांच्या मराठीचं साधारण असं होतं.

स्पीच प्रोसेसिंग, म्हणजे बोलण्यावर कम्प्युटरनं केलेली प्रक्रिया, हा इंजिनिअरिंगवाल्यांचा विषय आहे असं म्हणून आपण साहित्यवाले बाजूला होतो. मीही याबद्दल वाचायला घेतलं ते एका ओळखीच्या माणसामुळे, अभ्यास म्हणून नाही. पण वाचता वाचता लक्षात आलं की या विषयाचा अर्धा भाग आपल्या वर्णमालेतच आहे.

आधी एक छोटा प्रयोग. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि 'मऽऽऽ' म्हणा. बोटांना थरथर जाणवेल. आता 'सऽऽऽ' म्हणा. थरथर बंद. म्हणजे 'म' म्हणताना स्वरतंतू कंप पावतात आणि 'स' म्हणताना नुसती हवा जाते. आता परीक्षेच्या हॉलमध्ये शेजाऱ्याला विचारतो तसं कुजबुजत एक आख्खं वाक्य बोला. स्वरतंतू कुठेच कंप पावत नाहीत, तरी शेजाऱ्याला प्रश्न कळतो (उत्तर येतं की नाही हा वेगळा मुद्दा). याचा अर्थ आवाज आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळ्यात एक गुणगुण तयार होते. जीभ, टाळू, ओठ आणि नाक मिळून तिला आकार देतात. स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये हा विचार पुस्तकरूपानं नीट मांडला. त्याला 'सोर्स-फिल्टर' असं नाव आहे. सोर्स गळ्यात, फिल्टर तोंडात. बोलण्यावर काम करणारं बहुतेक सगळं तंत्रज्ञान या एका कल्पनेवर उभं राहिलं.

स्वरयंत्र काढलं की सोर्स जातो आणि फिल्टर तसाच राहतो. जीभ शाबूत, ओठ शाबूत, शब्द डोक्यात शाबूत. पण श्वास आता नाका-तोंडातून न जाता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून आत-बाहेर होतो. त्यामुळे कुजबुजही करता येत नाही, कारण तोंडात फुफ्फुसाची हवा येतच नाही.

कॅन्सरसाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात केली. रुग्ण ३६ वर्षांचा होता आणि धर्मशिक्षण देणारा शिक्षक होता, म्हणजे ज्याचं पोटच बोलण्यावर त्या माणसाचा आवाज गेला. बिलरोथचे सहायक कार्ल गुसेनबाउअर यांनी त्याच्यासाठी धातूची पत्ती असलेलं कृत्रिम स्वरयंत्र बनवलं. पेटीची पत्ती वाजते तसं काहीसं. आवाज एकसुरी होता, पण तो बोलला.

आज अशा माणसापुढे तीन वाटा असतात. एक, अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी बाहेर काढत बोलायला शिकणं. याला पैसा लागत नाही, पण चिकाटी भरपूर लागते आणि सगळ्यांना ते जमत नाही. दुसरी, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवणं. ही झडप १९८० च्या सुमाराला अमेरिकेत ब्लॉम आणि सिंगर यांनी रूढ केली. ती महाग असते आणि पुन्हा पुन्हा बदलावी लागते. म्हणून बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी साधारण एका डॉलरच्या किमतीत तयार होणारी 'ऑम' नावाची झडप पुढे आणली, ही बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. तिसरी वाट म्हणजे इलेक्ट्रोलॅरिंक्स. टॉर्चएवढं, बॅटरीवर चालणारं यंत्र. ते गळ्याला टेकवायचं आणि बटण दाबायचं. त्यातली तबकडी घूंऽऽ करत थरथरते, ती थरथर कातडीतून आत जाते आणि माणूस जीभ-ओठ हलवून तिचे शब्द बनवतो. हरवलेला सोर्स बाहेरून लावला, इतकंच.

आता आपली वर्णमाला आठवा. क, ख, ग, घ, ङ. पाच वर्ग, प्रत्येकात पाच रकाने. शाळेत आपण कठोर वर्ण आणि मृदू वर्ण पाठ केले होते, अल्पप्राण आणि महाप्राणही. तेव्हा ते फक्त दोन मार्कांसाठी होतं. पण ही वर्गवारी गळ्यात काय चाललंय त्याचीच आहे. क आणि ख म्हणताना स्वरतंतू थांबतात, ग आणि घ म्हणताना चालू राहतात. ख आणि घ यांत वरून हवेचा झोत लागतो.

इलेक्ट्रोलॅरिंक्सची घूंऽऽ बटण दाबलेलं असेपर्यंत चालूच राहते. 'काय' मधल्या 'क' साठी ती अर्ध्या क्षणाकरता थांबायला हवी, पण बोटाला तेवढी चपळाई कुठून येणार? मग 'क' चा 'ग' ऐकू येतो. 'काय' म्हटलं की 'गाय', 'ताई' म्हटलं की 'दाई'. महाप्राणाला लागणारा झोत फुफ्फुसातून येतो आणि तो आता गळ्याच्या छिद्रातून निघून जातो. म्हणून ख आणि घ दोघेही 'ग' कडे सरकतात. 'ह' तर गळ्यातलाच, त्यामुळे 'हात' चा 'आत' होतो. पंचवीस वर्णांच्या त्या तक्त्यातला मुख्यतः तिसरा रकाना उरतो आणि नाकातला पाचवा. मी हे थोडं ताणून सांगतेय. सराव केलेली माणसं तोंडातच हवा कोंडून खणखणीत 'क' काढतात, आणि ऐकणाराही संदर्भानं भरून घेतो. 'घार पाणी दे' असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे 'गार' कळतंच. पण इंग्रजीत जिथे प-ब असं दोघांत भांडण आहे, तिथे मराठीत प-फ-ब-भ असं चौघांत आहे. पार, फार, बार, भार हे म्हणून बघा. इंग्रजीसाठी केलेला उपाय इथे तसाच्या तसा पुरणार नाही, तो यामुळे.

ज्यांच्यामुळे मी यात पडले ते आमच्या पॅरिशमधले एक काका. मूळचे वसईचे. बँकेच्या नोकरीत इंदूरला आले आणि इथलेच झाले. घरात वसईकडची बोली, आमच्याशी मराठी, बाजारात 'अरे भिया' वाली इंदुरी हिंदी. ऑपरेशनसाठी अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबईला गेले आणि परत आले ते हे यंत्र घेऊन. समोर बसलं की पाच-दहा मिनिटांत आपला कान तयार होतो, ओठही दिसत असतात. खरी अडचण फोनवर. अनोळखी माणसाला वाटतं की कुठल्या तरी कंपनीचा रेकॉर्ड केलेला कॉल आहे, आणि तो फोन ठेवतो. एका कस्टमर केअरच्या यंत्रानं त्यांना तीनदा 'माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई' असं सांगितलं आणि लाइन तोडली. तेव्हापासून फोन काकूच घेतात. त्या मला म्हणाल्या, "ह्यांच्या वतीनं निरोप देते गं मी, पण ह्यांच्या वतीनं भांडायचं कसं?"

आमच्याकडे ३ फेब्रुवारीला संत ब्लेझचा सण असतो. दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून फादर प्रत्येकाच्या गळ्याला लावतात आणि घशाच्या आजारांपासून रक्षणाची प्रार्थना करतात. काका त्या रांगेत आजही उभे राहतात, गळ्याचं छिद्र रुमालानं झाकून. मला त्याबद्दल फार काही लिहायचं नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जावंसं वाटलं नाही.

आपल्या जवळचं काम शोधताना मी पवईच्या आयआयटी मुंबईपर्यंत पोचले. तिथल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग विभागातले प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी इलेक्ट्रोलॅरिंक्सच्या एका नेमक्या दुखण्यावर काम केलं. त्यांचा एक निबंध २००२ सालचा आहे. दुखणं असं की यंत्राची थरथर आत जाते तशी बाहेरही गळते. ती घूंऽऽ थेट ऐकणाऱ्याच्या कानात जाते आणि शब्दांवर चढून बसते. रेडिएशननं गळ्याची कातडी कडक झाली असेल तर आत कमी जातं आणि बाहेर जास्त गळतं.

त्यावरचा उपाय म्हणजे चक्क वजाबाकी. ओठ मिटून बटण दाबलं की फक्त गळती ऐकू येते. ती रेकॉर्ड करायची आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर तिचा किती जोर आहे ते मोजायचं. मग माणूस बोलायला लागला की त्याच्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यातून तेवढा जोर वजा करायचा. ऐकायला सोपं आहे, पण बोलताना हात थोडा हलला, यंत्राचा कोन बदलला की गळतीही बदलते आणि आधीचं मोजमाप चुकीचं ठरतं. दर दोन मिनिटांनी 'थांबा, ओठ मिटतो' असं कोण म्हणणार? म्हणून पुढच्या कामात त्यांनी बोलणं चालू असतानाच गळतीचा अंदाज घ्यायची पद्धत वापरली. प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर जोर सतत वर-खाली होत असतो. त्यातली खालची पातळी बहुधा गळतीची, असं धरून ती वजा करत राहायचं. वजाबाकी कमी झाली तर घूंऽऽ उरते, जास्त झाली तर शब्दही कुरतडले जातात आणि चिवचिव ऐकू येते. हा तोल सांभाळणं हेच खरं काम. मला हे काम आवडलं ते यासाठी की यात माणसाचं बोलणं त्याचंच राहतं, फक्त त्यावरची धूळ झटकली जाते.

पण यानं 'गाय' ची 'काय' होत नाही. आणि सूरही परत येत नाही. साध्या इलेक्ट्रोलॅरिंक्सचा सूर एकच असतो. 'तू आलास.' आणि 'तू आलास?' यात लिहिताना चिन्हाचा आणि बोलताना फक्त सुराचा फरक. तो गेला की प्रश्न गेला. काही यंत्रांत बटण जोरात दाबलं की सूर चढतो, पण ते शिकावं लागतं. मला इथे मराठीचं कौतुक वाटलं. 'तू आलास का?', 'आलास ना?', 'आलास की!', 'ये बरं', 'ये रे'. आपण सुराचं बरंचसं काम या छोट्या शब्दांकडून करून घेतो. काकांच्या बोलण्यात हे शब्द वाढलेत असं मला वाटतं. फक्त 'अं?' आणि 'हं' यांना काही पर्याय नाही. ते सगळेच्या सगळे सुराचे आहेत.

यापुढची पायरी म्हणजे आवाज बदलणं. जपानमध्ये तोमोकी तोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोलॅरिंक्सच्या बोलण्यावर यासाठी बरंच काम केलं आहे. तीच वाक्यं यंत्रानं बोलणारा माणूस वाचतो आणि धडधाकट आवाजाचा माणूसही वाचतो. कम्प्युटर दोन्ही शेजारी ठेवून, इकडचा असा ध्वनी असेल तेव्हा तिकडचा कसा असतो हे शिकतो. नंतर सूरही तोच भरतो. म्हणजे सूर ऐकून नाही, अंदाजानं. त्याहून पुढची पद्धत अशी की कम्प्युटर बोलणं ऐकून आधी मजकूर लिहितो आणि मग तो स्वच्छ आवाजात वाचून दाखवतो. ऐकायला हे सगळ्यात गोड लागतं. मला मात्र याच पद्धतीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. कारण शब्द अर्धवट ऐकू आला की मशीन सवयीचा शब्द टाकतं. तुम्ही वसईचा किंवा इंदूरचा एखादा शब्द वापरलात, जो त्यानं कधी ऐकलाच नाही, तर ते त्याऐवजी पुण्या-मुंबईचा शब्द ठेवील, तोही अगदी आत्मविश्वासानं. घूंऽऽ मध्ये निदान समोरच्याला कळतं की आपल्याला कळलं नाही, आणि तो पुन्हा विचारतो. गुळगुळीत आवाजात चुकीचा शब्द आला तर कोणीच विचारणार नाही.

लिहून बोलणाऱ्यांसाठीचं तंत्रज्ञान यापेक्षा जुनं आहे. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ च्या शस्त्रक्रियेनंतर गेला. त्यांनी पुढे वापरलेला कम्प्युटरचा आवाज एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या कामातून, त्यांच्याच आवाजावरून घडला होता. नंतर अधिक चांगले आवाज आले तरी हॉकिंग यांनी तो बदलला नाही. लहान मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं 'जेलो' नावाचं अ‍ॅप बनवलंय. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही. मजकूर वाचणाऱ्या मशीनसाठी मराठीत आणखी एक खड्डा आहे. 'हे जग मोठं आहे' आणि 'सुखानं जग' यांतला 'जग' लिहायला एकच, पण पहिल्यात 'ज' टाळूवरचा आणि दुसऱ्यात दातांजवळचा. हिंदीवर वाढलेलं मशीन दोन्ही एकसारखे वाचतं. खरं सांगायचं तर इंदूरची आमची पिढीही इथे घसरते, त्यामुळे मशीनला फार हसू नये.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट आजच करता येते, आणि ती घरच्यांना आधी कोणी तरी सांगायला हवी. आवाज साठवून ठेवता येतो. अ‍ॅपलनं २०२३ मध्ये आयफोनवर 'पर्सनल व्हॉइस' दिलं. तेव्हा १५० वाक्यं वाचली की तुमच्यासारखा आवाज तयार व्हायचा, पण त्याची सुरुवात इंग्रजीपासून झाली. बोस्टनच्या प्राध्यापक रूपल पटेल यांनी २०१४ मध्ये 'व्होकलआयडी' सुरू केलं. त्यात माणसाच्या उरलेल्या ध्वनीत, मग तो नुसता 'आऽऽ' का असेना, दुसऱ्या कुणी दान दिलेलं बोलणं मिसळून नवा आवाज बनवायचा. मराठीत असं तयार काही हाताशी नसलं तरी साधा फोन आहे ना! शांत खोलीत, पंखा बंद करून, रोज थोडं रेकॉर्ड करा. नुसतं पुस्तक वाचू नका. नातवाला मारलेली हाक, 'अगं ऐकलंस का', हसणं, ओरडणं, घरातली बोली, हे सगळं घ्या. मूळ फाइल जपून ठेवा. उद्या मराठीत सोय झाली तर त्यातून आवाज घडवता येईल, आणि नाहीच झाली तरी हाक तरी राहील.

स्वरयंत्र जाणं हे टोक झालं. आवाजाचे बाकीचे आजार कितीतरी आहेत: दिवसभर ओरडून शिक्षकांच्या स्वरतंतूंवर आलेल्या गाठी, पार्किन्सन्समुळे बारीक झालेला आवाज, एका स्वरतंतूचा लकवा. तिथे कम्प्युटर कानाचं काम करतो. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं 'प्राट' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात लांब 'आऽऽ' टाकला की एका कंपनापासून दुसऱ्या कंपनापर्यंतची वेळ किती डगमगते, जोर किती डगमगतो, हे आकड्यांत दिसतं. थेरपीनं फरक पडतोय का ते त्यावरून बघता येतं. पण आकडा म्हणजे निदान नव्हे. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, विशेषतः तो माणूस तंबाखू खाणारा असेल, तर अ‍ॅप नाही, कान-नाक-घशाचे डॉक्टर.

राहता राहिला तो आपल्या वाट्याचा भाग. अडखळत्या, तुटक्या बोलण्याचे नमुने संशोधनासाठी इंग्रजीत आहेत, टोरोंटोचा 'टॉर्गो' हा संग्रह त्यातला एक. तमिळमध्ये चेन्नईच्या एसएसएन कॉलेजनं असा संग्रह केलाय, आणि तेही कॉलेजच आहे. साध्या निरोगी मराठीचे नमुने गोळा करण्यासाठी मोझिलाचं 'कॉमन व्हॉइस' आहे आणि सरकारच्या 'भाषिणी' मधलं 'भाषादान' आहे. दोन्हीकडे वाक्य समोर येतं, ते वाचायचं, दुसऱ्यांनी वाचलेलं तपासायचं. मोबाइलवर दहा मिनिटांत होतं. इंदूरची मराठी तिथे आपण घातली तरच जाणार.

आपल्या मंडळानं वाक्यांची एक यादी करावी असं मला वाटतं. ऐंशी-शंभर वाक्यं, छोटी, घरात खरोखर बोलली जाणारी. पाचही वर्गांचे चारही रकाने त्यात यावेत, दोन्ही 'ज' आणि दोन्ही 'च' यावेत, 'ळ' यावा, प्रश्न यावेत, रागही यावा. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय अशा माणसाला ती यादी हातात देता येईल. लिहिण्याचं काम आपल्याला येतं, आणि तपासायला काकू तयार आहेत. पहिलं वाक्य त्यांनीच दिलंय: "अहो, खिडकी लावा आधी, धूळ येतेय, मग भांडू."